मजकूर, फोटो आणि व्हिडिओतून भावना ओळखायच्या असतील तर आधी लेबलांकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या सेवेकडे लोक तक्रारी पाठवतात. बहुतेक वेळा नुसता मजकूर असतो, कधी सोबत फोटो, कधी मिनिटभराचा व्हिडिओ. या सगळ्यावरून पाठवणारा माणूस चिडलाय, हताश झालाय की शांत आहे, हे मशीन लर्निंगने ओळखायचंय. मजकुरासाठी तुम्ही बर्ट हे आधी शिकवलेलं भाषेचं मॉडेल फाइन-ट्यून केलंत, म्हणजे तुमच्या डेटावर आणखी शिकवलंत; चेहऱ्यासाठी एफईआर-२०१३ या चेहऱ्यांच्या चित्रांच्या डेटासेटवर सीएनएन, म्हणजे चित्रं ओळखणारं मॉडेल, शिकवलंत. दोन्हींचे टेस्टवरचे आकडे बरे आले. पण खऱ्या व्हिडिओंवर चेहऱ्याचं मॉडेल जवळजवळ प्रत्येकाला 'उदास' नाहीतर 'रागीट' ठरवतंय आणि त्याचं उत्तर दर सेकंदाला बदलतंय. म्हणून तुम्ही विचारताय की तिन्ही गोष्टी एकत्र घेणारं एकच मोठं मॉडेल घ्यावं का, घ्यायचं तर कोणतं, आणि किती डेटा गोळा करावा.

मी या कामात बरीच वर्षं आहे. आधी फक्त मजकूर, मग आवाज, मग व्हिडिओ अशा क्रमाने शिकत गेले. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की अडचण मॉडेलच्या आकारात नाही. चेहऱ्याच्या मॉडेलला तुम्ही एक प्रश्न शिकवलात आणि आता त्याच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मागताय. ही तफावत तशीच ठेवून मोठं मॉडेल आणलंत तर तेही चुकेल, फक्त अधिक ठामपणे चुकेल.

'भावना' म्हणताना आपण तीन गोष्टींची गल्लत करतो. माणसाला आतून काय वाटतंय, ही पहिली. तो चेहऱ्यातून, आवाजातून, शब्दांतून काय दाखवतोय, ही दुसरी. आणि बघणाऱ्याला ते बघून काय वाटलं, ही तिसरी. डेटासेटमधली लेबलं जवळपास नेहमी तिसऱ्या प्रकारची असतात. कुणीतरी चित्र पाहिलं, वाक्य वाचलं आणि 'राग' निवडलं. त्यामुळे मॉडेल जे शिकतं ते एवढंच: लेबल लावणाऱ्या माणसाला इथे काय दिसलं असतं. यात खूप उपयोगाचं काही असू शकतं. पण तिथून पहिल्या गोष्टीवर उडी मारण्याचा आधार डेटात नसतो, आणि ती उडी मारली गेली की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

मानसशास्त्रातही यावर जुना वाद आहे. पॉल एकमन यांनी राग, भीती, किळस, आनंद, दुःख आणि आश्चर्य या सहा भावना मूलभूत मानल्या. १९७८ मध्ये त्यांनी आणि वॉलेस फ्रीसेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचाली नोंदवण्याची एफएसीएस ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यात प्रत्येक हालचालीला क्रमांक असतो: ओठांचे कोपरे वर ओढले गेले की १२, गाल उचलले गेले की ६. ही नोंदपद्धत भक्कम आहे, आजही आम्ही वापरतो. वाद आहे तो पुढच्या पायरीवर, म्हणजे अमुक हालचाल दिसली की अमुक भावना असणारच, या दाव्यावर. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक अभ्यास तपासून मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की लोक रागात कपाळाला आठ्या घालतात हे योगायोगापेक्षा जास्त वेळा दिसतं, पण इतकं खात्रीने नाही की आठ्यांवरून राग ठरवता यावा. माणूस रागात हसतो, रडतो, गप्प बसतो. आणि आठ्या तर लक्ष देऊन वाचतानाही पडतात.

आता तुमच्या एफईआर-२०१३ कडे येऊ. त्यात ३५,८८७ चित्रं आहेत, सगळी कृष्णधवल, आकार ४८ गुणिले ४८ पिक्सेल. ती भावनावाचक शब्द टाकून इंटरनेटवरच्या चित्रशोधातून गोळा केली होती. 'संतापलेला माणूस' असं शोधल्यावर कोणती चित्रं येतात ते डोळ्यांसमोर आणा: दात आवळलेले, डोळे वटारलेले, बहुतांशी कॅमेऱ्यासाठी केलेले अभिनय. क्लासही, म्हणजे भावनांचे गटही, समतोल नाहीत. 'आनंद' जवळजवळ नऊ हजार, 'किळस' फक्त ५४७. लेबलांमध्ये चुका इतक्या की माणसांची अचूकतासुद्धा साधारण ६५ टक्के, पाच टक्के इकडेतिकडे, अशी नोंदली गेली. पुढे २०१६ मध्ये तीच चित्रं प्रत्येकी दहा जणांकडून पुन्हा तपासून घेतली गेली, ती आवृत्ती एफईआर प्लस नावाने मिळते. तुम्हाला हा डेटासेट वापरायचाच असेल तर किमान ती घ्या. त्यात दहा मतांची वाटणी मिळते, आणि ती एका ठोक लेबलापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

तर तुमच्या मॉडेलने पाहिलेत अभिनय करणारे, स्थिर, बहुतेक समोरून घेतलेले चेहरे. तुमच्या व्हिडिओत आहे हातातल्या फोनकडे बघून बोलणारा माणूस. बोलताना तोंड सतत आकार बदलतं. 'ओ' म्हणताना ओठ गोल होतात आणि मॉडेलला आश्चर्य दिसतं. 'ई' म्हणताना ओठ ताणले जातात आणि त्याला हसू दिसतं. दोन शब्दांमध्ये ओठ मिटले की उदासी. त्यात फोन थोडा खाली धरलेला, मान वाकलेली, आणि डोकं खाली झुकलं की तटस्थ चेहऱ्याच्या भुवयासुद्धा आवळल्यासारख्या दिसतात. तुमचे 'रागीट' आणि 'उदास' बहुधा इथून येतायत. शिवाय विचारपूर्वक अडचण सांगणाऱ्या माणसाचा चेहरा गंभीरच असतो. त्या गांभीर्यासाठी या डेटासेटच्या सात क्लासांमध्ये (सहा भावना आणि तटस्थ) जागाच नाही, तेव्हा मॉडेल त्यातल्या त्यात जवळचं खोकं निवडतं.

दर सेकंदाला उत्तर बदलणं हेही याच दुखण्याचं लक्षण. तुम्ही प्रत्येक फ्रेम वेगळी मोजताय, आणि प्रत्येक फ्रेम म्हणजे एका उच्चाराच्या मधला क्षण. उत्तरांची सरासरी काढली की आलेख गुळगुळीत होईल, पण चुकीचा आलेख गुळगुळीत केल्याने बरोबर होत नाही. मी सर्वप्रथम भावनेचा क्लास बाजूला ठेवते आणि चेहऱ्यातून हालचालींचे क्रमांक काढते, ओपनफेस किंवा पाय-फीट यांसारख्या साधनांनी. मग त्या व्हिडिओतल्या त्याच माणसाची सर्वसाधारण पातळी काढून ती वजा करते. एखाद्याच्या भुवया मुळातच खाली असतात, एखादीच्या ओठांचे कोपरे मुळातच वळलेले असतात. त्यांच्या स्वतःच्या सरासरीपासून ते किती आणि कधी सरकले, एवढंच मला हवं असतं. हे एक वजाबाकीचं पाऊल माझ्या कामात कित्येकदा मॉडेल बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

मिनिटभराच्या व्हिडिओत तीस फ्रेम प्रतिसेकंद या वेगाने १,८०० फ्रेम असतात, आणि त्यातल्या बहुतेक एकमेकींच्या नकला असतात. सेकंदाला तीन ते पाच फ्रेम पुरतात. अतिसूक्ष्म, क्षणार्धात येऊन जाणारे भाव पकडायचे असतील तर त्या पुरणार नाहीत, पण फोनच्या कॅमेऱ्यावर, खोलीतल्या उजेडात त्या वाटेला जाऊच नका.

आणि चेहऱ्यावर इतका भर का, हेही विचारायला हवं. २०१२ मध्ये हिलेल अविएझर, याकोव ट्रोप आणि अलेक्झांडर तोदोरोव यांचा एक अभ्यास 'सायन्स'मध्ये आला होता. टेनिसमध्ये गुण जिंकलेल्या आणि गमावलेल्या खेळाडूंची छायाचित्रं लोकांना दाखवली. नुसता चेहरा दाखवला तेव्हा जिंकलाय की हरलाय हे लोकांना सांगता येईना. नुसतं शरीर दाखवलं तेव्हा आलं. भावना अगदी टोकाला असताना चेहरा सगळ्यात जास्त बोलेल अशी आपली समजूत असते, आणि नेमकं तिथेच तो दगा देतो. त्यामुळे चेहरा कापून बाकीची फ्रेम फेकून देण्याची जी सवय आपल्याला लागलीय, तिच्यात किती माहिती जाते याचा विचार करा.

तुमच्या व्हिडिओत चेहऱ्यापेक्षा मौल्यवान गोष्ट आहे ती आवाज, आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. हे मला खटकलं. तुम्ही मजकूर, फोटो, व्हिडिओ असे तीन प्रवाह मोजलेत. खरं तर व्हिडिओत तीन प्रवाह आहेत: चित्र, आवाज, आणि बोललेले शब्द. जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावना दोन अक्षांवर मांडल्या: एक सुखद ते असुखद, दुसरा शांत ते उत्तेजित. आवाजाचं काम करणाऱ्यांचा जुना अनुभव असा की पट्टी, जोर, वेग यांवरून उत्तेजनाचा अक्ष चांगला कळतो, पण सुखद-असुखद कळायला शब्द लागतात. आनंदाने ओरडणं आणि रागाने ओरडणं हे नुसत्या आवाजाच्या मोजमापात एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून बोलणं आधी मजकुरात उतरवून घ्या. व्हिस्परसारखं मॉडेल त्याला पुरतं, मात्र नावं आणि गोंगाट यांत चुका होतात, तेव्हा काही क्लिप स्वतः ऐकून तपासा. तो मजकूर तुमच्या मजकुराच्याच मॉडेलला द्या, आणि आवाजासाठी वेव्हटूव्हेक २.० सारखं आधी शिकवलेलं मॉडेल वापरा. त्याला १६ किलोहर्ट्झचा आवाज लागतो. तुमचा आवाज आठवर नोंदलेला असेल तर तो नुसता वाढवून सोळा करता येतो, पण वरच्या कंप्रतांमधली गेलेली माहिती परत येत नाही. डेटा अगदी थोडा असेल तर ईजेमॅप्स ही ८८ मोजमापांची जुनी यादी आणि एक साधं वर्गीकरण यांनीही चकित करणारी सुरुवात होते.

मजकुराबद्दल तुम्ही निश्चिंत दिसताय, मी नाही. इथे बारकावे जास्त आहेत, कारण मजकुराच्या चुका दिसत नाहीत. चेहऱ्याचं मॉडेल मूर्खपणा करतं तेव्हा तो डोळ्यांना दिसतो. मजकुराचं मॉडेल चुकतं तेव्हा वाक्य वाचून आपणच त्याची बाजू घेतो.

ही दोन वाक्यं बघा. 'यंत्र बंद पडलंय, तिसरा दिवस आहे, बदलून द्या.' आणि 'वा, तिसऱ्यांदाही तेच उत्तर. खूप खूप आभार.' पहिल्यात सगळे शब्द नकारात्मक आहेत, पण माणूस शांतपणे काम सांगतोय. दुसऱ्यात एकही कडवट शब्द नाही आणि माणूस कधी सोडून जाईल सांगता येत नाही. तक्रारींवर शिकवलेलं मॉडेल बहुतेक वेळा विषय शिकतं, भावना शिकत नाही. 'बंद', 'परत', 'रद्द' हे शब्द दिसले की राग. हे तपासायची एक सोपी रीत आहे. शंभर वाक्यं घ्या, त्यांतली भावना तशीच ठेवून विषयाचे शब्द बदला. मग विषय तसाच ठेवून सूर बदला. पहिल्या बदलाने उत्तर हललं आणि दुसऱ्याने हललं नाही, तर तुमच्याकडे विषय ओळखणारं मॉडेल आहे.

दुसरा सापळा म्हणजे भावना कुणाची. 'माझी आई फार घाबरलीय, पण मी तिला समजावलंय' यात भीती आहे, पण लिहिणाऱ्याची नाही. तिसरा सापळा संदर्भाचा. 'ठीक आहे.' या दोन शब्दांत समाधान आहे की दार आपटून निघून जाणं आहे, हे आधीच्या चार संदेशांवरून कळतं. म्हणून एकेक संदेश सुटा न देता आधीचं संभाषण सोबत द्या. मूळ बर्टमध्ये एका वेळी ५१२ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, मावतात, तेवढ्यात शेवटचे काही संदेश सहज बसतात. लोक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत ये-जा करत लिहीत असतील, किंवा आपली भाषा रोमन लिपीत लिहीत असतील, तर एक्सएलएम-रॉबर्टासारखं बहुभाषिक मॉडेल घ्या आणि त्याच प्रकारचा मजकूर फाइन-ट्यूनिंगला वापरा. नीटनेटक्या, प्रमाण मजकुरावर शिकवलेलं मॉडेल अशा लेखनावर कोसळतं.

किती अपेक्षा ठेवावी याचा अंदाज म्हणून गो-इमोशन्स बघा. २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला हा इंग्रजी डेटासेट. रेडिटवरच्या सुमारे ५८,००० प्रतिक्रिया, २७ भावना आणि एक तटस्थ. त्यावर बर्टचा सरासरी एफ-वन (चुकीची ओळख आणि सुटलेली उदाहरणं दोन्ही धरून काढलेला, जास्तीत जास्त १ असा गुण) ०.४६ आला. कृतज्ञता, कौतुक यांसारख्या गोष्टी, ज्यांना ठरलेले शब्द असतात, त्या चांगल्या ओळखल्या गेल्या. दुर्मीळ भावनांवर मॉडेल ढेपाळलं. २७ क्लासांवर कुणी तुम्हाला नव्वदीचा आकडा दाखवला तर त्यांची टेस्ट कशी बनवली हे आधी विचारा.

फोटोंचं थोडक्यात सांगते. तक्रारीसोबतच्या फोटोत बहुतेक वेळा चेहराच नसतो, मोडलेली वस्तू असते. तो पुरावा आहे. फोटो पाहून बघणाऱ्याच्या मनात काय येईल हा संशोधनाचा वेगळा आणि रंजक प्रश्न आहे, पण तुमचा नाही. फोटोतून एवढंच काढा: चेहरा आहे का, नुकसान दिसतंय का, वस्तू कोणती. चित्र आणि शब्द यांची सांगड घालणारं सीएलआयपी (CLIP) सारखं मॉडेल हे फारशा ट्रेनिंगशिवाय सांगू शकतं. फोटोवर भावनेचं लेबल लावायचा मोह टाळा.

इथवरचा सारांश असा: चेहऱ्याच्या क्लासऐवजी त्याच माणसाच्या सरासरीपासूनचे बदल घ्या, आवाज आणि बोललेले शब्द वेगळे काढा, मजकुराला संभाषणाचा संदर्भ द्या, फोटोला पुरावा समजा. आता तुमचा मूळ प्रश्न: एकच मॉडेल की वेगवेगळी?

याचं उत्तर तुमच्याकडे किती आणि कसा डेटा आहे यावर अवलंबून आहे. तिन्ही प्रवाह एकत्र असलेल्या, नीट लेबल लावलेल्या हजारो क्लिप असतील तर प्रवाहांना एकमेकांकडे बघू देणारं क्रॉस-ॲटेन्शन मॉडेल करून बघण्यासारखं आहे. २०१९ मधलं मल्टिमोडल ट्रान्सफॉर्मर हे काम वाचा, शब्द आणि हावभाव एकाच क्षणी येत नाहीत ही अडचण त्यात चांगली हाताळलीय. पण तुमच्याकडे बहुसंख्य तक्रारी नुसत्या मजकुराच्या आहेत, व्हिडिओ थोडे. अशा वेळी मी निःसंकोचपणे वेगवेगळी मॉडेल घेते आणि शेवटी त्यांची उत्तरं लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या, लहानशा सांख्यिकी मॉडेलने जोडते. त्याची कारणं सांगते.

एक तर, जो प्रवाह नाही तो नाही, असं या रचनेत सरळ म्हणता येतं. एकत्रित मॉडेलला व्हिडिओ नसताना शून्यं भरून द्यावी लागतात, आणि मग ते 'व्हिडिओ नाही' यालाच भावनेचा संकेत समजू लागतं. एकत्रित मॉडेल केलंतच तर ट्रेनिंगमध्ये मुद्दाम अधूनमधून एकेक प्रवाह गाळा, म्हणजे ते कोणा एकावर विसंबणार नाही. दुसरं कारण असं की वेगवेगळे प्रवाह वेगवेगळ्या वेगाने शिकतात आणि वेगवेगळ्या वेळी ओव्हरफिट होतात, म्हणजे शिकण्याऐवजी ट्रेनिंगचा डेटा पाठ करू लागतात. २०२० मधल्या एका शोधनिबंधात वेईयाओ वांग, डू ट्रान आणि मॅट फाइझली यांनी दाखवलं की सगळं एकत्र शिकवलेलं मॉडेल अनेकदा सर्वोत्तम एकट्या प्रवाहापेक्षाही कमी पडतं. म्हणून माझा नियम आहे: प्रत्येक प्रवाहाची एकट्याची बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा आकडा, आधी लिहून ठेवायची, आणि जोडणीने ती ओलांडली नाही तर जोडणी टाकून द्यायची. तुमच्या बाबतीत मजकूर एकटाच बहुतेक वजन उचलतोय असं निघालं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तुमची प्रणाली सोपी झाली.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रवाह एकमेकांशी भांडतात तेव्हा ते भांडण तुम्हाला दिसायला हवं. शब्द गोड, आवाज ताणलेला. मजकूर कडक, पण व्हिडिओत माणूस हसत बोलतोय. एकत्रित मॉडेल यातून एक गुळमुळीत मधला आकडा काढतं. वेगळी मॉडेल ठेवलीत तर तुम्ही हा विसंवाद पकडून ती तक्रार सरळ माणसाकडे पाठवू शकता. उपरोध, घुसमट, भिडस्तपणा, हे सगळं त्याच फटीत सापडतं. माझ्या अनुभवात अशा क्लिप ऐकण्यात घालवलेला वेळ कधी वाया गेला नाही.

चित्र, आवाज, मजकूर सगळं एकदम घेणारी मोठी भाषिक मॉडेल आता आहेत, आणि 'यांनाच विचारून टाकूया' असं वाटणं साहजिक आहे. मी ती वापरते, पण लेबलांचा पहिला मसुदा करायला आणि मजकुराचा संदर्भ समजून घ्यायला. अंतिम निर्णयाला वापरायची तर तुमच्या स्वतःच्या टेस्ट सेटवर त्यांना इतर मॉडेलसारखंच बसवा. त्यांचं स्पष्टीकरण इतकं सफाईदार असतं की चुकलेलं उत्तरही पटतं. शिवाय सेवा देणाऱ्याने आवृत्ती बदलली की तुमचे थ्रेशोल्ड, म्हणजे कोणत्या गुणापुढे 'राग' मानायचा या सीमा, रातोरात निरुपयोगी होऊ शकतात.

आता टेस्ट सेट. इथे मी स्वतः पोळलेय, म्हणून जरा सविस्तर. एका कंपनीसाठी फोनवरच्या संभाषणांतून राग ओळखायचं काम आमच्याकडे होतं. चिडलेल्या संभाषणांची उदाहरणं तक्रार विभागाच्या साठ्यातून आली, शांत संभाषणांची दुसऱ्या विभागाकडून. मॉडेल पहिल्याच आठवड्यात इतकं चांगलं चालायला लागलं की आम्ही खूश झालो. आठवडाभराने एका सहकाऱ्याने सहज म्हणून प्रत्येक ध्वनिफितीचा फक्त पहिला अर्धा सेकंद मॉडेलला दिला, ज्यात कुणी बोलायला सुरुवातही केलेली नव्हती. मॉडेल तरीही बरोबर उत्तर देत होतं. दोन विभागांत ध्वनी साठवण्याची पद्धत वेगळी होती, आणि मॉडेल तो फरक ऐकत होतं. राग त्याने कधी ऐकलाच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकल्पात अशी एक परीक्षा ठेवते: जिथे भावना असूच शकत नाही असा तुकडा द्यायचा, निःशब्द अर्धा सेकंद, चेहरा झाकलेली फ्रेम, विषय पुसलेलं वाक्य. तिथे मॉडेल बरोबर येत असेल तर थांबायचं आणि डेटा उघडायचा.

विभागणी माणसांनुसार करा. एकाच माणसाच्या क्लिप ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही आल्या तर मॉडेल माणूस ओळखतं. आयईएमओकॅप हा २००८ मधला प्रसिद्ध डेटासेट दहा कलाकारांच्या पाच सत्रांचा, साधारण बारा तासांचा आहे. म्हणूनच त्यावर जाणती माणसं एक पूर्ण सत्र बाजूला ठेवून चाचणी करतात. तुमच्याकडे तर एकाच तक्रारीचे चार व्हिडिओ येत असतील, ते एकत्र एकाच बाजूला ठेवा. आकड्यांत नुसती अचूकता बघू नका, कारण सत्तर टक्के तक्रारी शांत असतील तर सगळ्यांना 'शांत' म्हणणारं मॉडेलही सत्तर मिळवतं. मॅक्रो एफ-वन, म्हणजे सगळ्या क्लासांना सारखं वजन देऊन काढलेली एफ-वनची सरासरी, बघा; प्रत्येक क्लासचा रिकॉल, म्हणजे त्यातली किती उदाहरणं पकडली गेली ते, वेगळा बघा. थ्रेशोल्ड ठरवण्याआधी टेम्परेचर स्केलिंगने संभाव्यता जाग्यावर आणा, म्हणजे मॉडेल ०.८ म्हणतं तेव्हा ते दहातल्या आठ वेळा बरोबर असेल.

आणि हे आकडे लोकांच्या गटांनुसार फोडून बघा. २०१८ मध्ये लॉरेन ऱ्ह्यू यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंचे अधिकृत फोटो बाजारात असलेल्या दोन प्रणालींना दाखवले. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चेहऱ्यांना दोन्ही प्रणालींनी गोऱ्या खेळाडूंपेक्षा जास्त नकारात्मक भावनांचे गुण दिले. तुमच्या प्रणालीत अशी चूक असेल तर एका गटाच्या तक्रारींना कायम 'रागीट' शिक्का बसेल, आणि सरासरी आकड्यात ते दिसणारही नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण तो वगळू नका. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत चेहरा, आवाज अशा जैविक माहितीवरून भावनांचा अंदाज लावायला बंदी घातलीय. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी अपवाद. तुम्ही ग्राहकांच्या तक्रारी बघताय, पण उद्या कुणीतरी तेच मॉडेल उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आवाजावर चालवा म्हणेल, आणि तिथे चित्र पूर्ण बदलतं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा-ओळख सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा भावनेची सर्वमान्य व्याख्याच नाही हेही एक कारण दिलं होतं. व्हिडिओ पाठवणाऱ्याला त्याचं असं विश्लेषण होतं हे स्पष्ट सांगा आणि नको म्हणायची सोय द्या. एखाद्या देशात कायदा हे मागत नसेल तरी मी हे करतेच. वैतागलेल्या माणसाने मदत मागायला पाठवलेला व्हिडिओ आहे तो.

शेवटचा तुमचा प्रश्न होता की किती डेटा गोळा करावा. मी आकड्यापासून सुरुवात करणार नाही. आधी तुमच्या मदत-गटाला विचारा की मॉडेलचं उत्तर मिळाल्यावर ते काय वेगळं करणार. बहुतेक वेळा उत्तर दोन-तीन कृतींत संपतं: लगेच फोन करायचा, अनुभवी माणसाकडे द्यायचं, किंवा नेहमीच्या रांगेत ठेवायचं. मग सात भावना कशाला? असमाधान किती आणि तीव्रता किती, हे दोन मापदंड, प्रत्येकी तीन पायऱ्यांचे, पुरेसे आहेत. तीनशे तक्रारी निवडा, प्रत्येक तक्रार तिघांना वेगवेगळी दाखवा, एकमेकांशी बोलू देऊ नका. क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे लेबल लावणाऱ्यांचं एकमेकांशी किती पटतं याचं माप, काढा. तो कमी आला तर आणखी डेटा गोळा करू नका. ज्या तक्रारींवर तिघांचं पटलं नाही त्या समोर ठेवून सूचना पुन्हा लिहा, आणि नव्या तीनशेंवर परत मोजा. माझ्याकडे हे सहसा दोन-तीन फेऱ्यांत स्थिरावतं. त्यानंतर मतांची वाटणी तशीच जपून ठेवा, बहुमताने एक लेबल करून टाकू नका, आणि मजकुराचं मॉडेल त्या वाटणीवर शिकवा. व्हिडिओंचं लेबलिंग त्यानंतर सुरू करा, आणि प्रत्येक क्लिपला तीनदा लेबल लावून घ्या: एकदा आवाज बंद ठेवून, एकदा चित्र झाकून, एकदा दोन्ही मिळून. कोणता प्रवाह माणसांनाच काही सांगत नाही हे त्यात लगेच दिसेल, आणि त्या प्रवाहावर मॉडेल शिकवायचा खर्च वाचेल.